मॅक्सिमा: भागाकाराच्या तिसऱ्या-चौथ्या डेरिव्हेटिव्हचा ताळा पाहायचा असेल तर

भागाकारातल्या फंक्शनचा पहिला डेरिव्हेटिव्ह सगळ्यांना येतो. दुसऱ्याला घाम फुटतो आणि तिसऱ्याला वही मिटते. कराडला मी घरीच शिकवण्या घेते, बारावीपासून एफवाय बीएस्सी आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापर्यंत, आणि दर वर्षीच्या नव्या मुलांत हेच दिसतं. नियम तोंडपाठ असतो. पण क्वोशंट रूल (भागाकाराच्या डेरिव्हेटिव्हचा नियम) एकावर एक लावत गेलं की छेद फुगत जातो: पहिल्या खेपेला छेदाचा वर्ग, दुसऱ्याला चौथा घात, तिसऱ्याला आठवा. मध्ये काटाकाट केली नाही तर सहाव्या डेरिव्हेटिव्हपाशी छेदाचा ६४ वा घात येऊन बसतो, जिथे खरं तर सातवा पुरतो. एवढ्या पसाऱ्यात एक वजा चिन्ह हरवलं तर ते सापडणार कसं? पुस्तकाच्या मागे फक्त शेवटचं उत्तर असतं. ते जुळलं नाही की मूल सुरुवातीपासून पुन्हा सोडवतं आणि बरेचदा तिथेच पुन्हा अडखळतं.

या ताळ्यासाठी मी मॅक्सिमा वापरते. हा रिव्ह्यू पूर्णपणे त्याच कामापुरता आहे. मॅक्सिमा आलेख काढतं, इंटिग्रेशन करतं, मॅट्रिक्स सोडवतं, पण त्याबद्दल इथे लिहीत नाही.

मॅक्सिमा हे अक्षरी गणित करणारं सॉफ्टवेअर आहे. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर डेरिव्हेटिव्हचं जे बटण असतं ते एका ठरावीक बिंदूपाशी आकड्यात किंमत काढून देतं. मॅक्सिमा एक्सला एक्सच ठेवतं आणि कागदावर आपण लिहू तसं पूर्ण सूत्र देतं, हवा तितकावा डेरिव्हेटिव्ह. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी 'मॅकसिमा' नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्याचा हा वंशज. टेक्सास विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून त्याची एक प्रत जपली, वाढवली आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडून ती खुल्या परवान्याखाली सर्वांना देण्याची परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते गेले. पुढे जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळत आले आहेत. आज माझ्याकडची मुलं एक रुपया न भरता हे वापरतात. मला त्या माणसाबद्दल फार कृतज्ञता वाटते, आणि नव्या बॅचला मी हे नाव आवर्जून सांगते.

इन्स्टॉल करताना सोबत डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा घ्या. तो त्याचा दर्शनी भाग. नुसत्या मॅक्सिमाची काळी खिडकी पाहून मुलं बिचकतात. डब्ल्यूएक्स-मॅक्सिमात सूत्र पुस्तकासारखं छापून येतं, वर अंश, मध्ये रेघ, खाली छेद. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते सहज चालतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात नेट जातं, तेव्हा या एका गोष्टीची किंमत कळते.

आधी पुस्तकातलं नेहमीचं गणित घेऊ: लॉग एक्स भागिले एक्स. हाताने केलं तर पहिला डेरिव्हेटिव्ह येतो अंशात १ वजा लॉग एक्स, छेदात एक्सचा वर्ग. दुसरा, अंशात २ लॉग एक्स वजा ३, छेदात एक्सचा घन. तिसरा, अंशात ११ वजा ६ लॉग एक्स, छेदात एक्सचा चौथा घात. मॅक्सिमात 'डिफ' लिहायचं (अर्थात रोमन अक्षरांत), कंसात फंक्शन, स्वल्पविराम, एक्स, स्वल्पविराम, ३, आणि शिफ्ट दाबून एंटर. उत्तर तत्काळ येतं, पण दोन सुट्या अपूर्णांकांत: ११ भागिले एक्सचा चौथा घात, आणि त्यातून वजा होणारा दुसरा, ज्याच्या अंशात ६ लॉग एक्स. एकत्र करायला 'रॅटसिम्प' ही आज्ञा द्यावी लागते. ती दिली की कंसाबाहेर वजा आणि आत ६ लॉग एक्स वजा ११ असं दिसतं. पुस्तकात ११ वजा ६ लॉग एक्स असतं. उत्तर एकच, पण नवख्या मुलाला ते वेगळं वाटतं आणि तो आपलं बरोबर गणित खोडून टाकतो. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवते: दोन उत्तरं डोळ्यांनी जुळवायची नाहीत. एकातून दुसरं वजा करायचं आणि रॅटसिम्प मारायचं. शून्य आलं की ताळा जमला. मॅक्सिमाचा खरा उपयोग इथे आहे, आणि ही सवय लागली तर बाकी आज्ञा पुस्तिका चाळून येतात.

याच गणितात एक मर्यादाही दिसते. तिसरा, चौथा, दहावा डेरिव्हेटिव्ह मॅक्सिमा देईल, पण एनवा मागितलात तर सामान्य सूत्र मिळत नाही. ते आपणच ओळखायचं. इथे ते फार देखणं आहे: कंसात लॉग एक्स, त्यातून वजा १, वजा अर्धा, वजा एक तृतीयांश, असं करत १ भागिले एन पर्यंत, आणि बाहेर एन फॅक्टोरियल भागिले एक्सचा एन अधिक एकावा घात, चिन्ह आळीपाळीने बदलणारं. तिसऱ्यातले ११ कुठून आले ते यात कळतं, कारण १ अधिक अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे ११ भागिले ६. मी मुलांना पहिले चार डेरिव्हेटिव्ह मॅक्सिमातून काढायला लावते आणि त्यावरून सूत्राचा अंदाज बांधायला सांगते. चौथ्यात २४ लॉग एक्स वजा ५० येतं. त्या ५० कडे पाहून २५ भागिले १२ ज्याला दिसतं, त्याला पुढे इंडक्शन (एकासाठी खरं, आणि एनसाठी खरं असेल तर एन अधिक एकसाठीही खरं, अशी सिद्धता) शिकवावं लागत नाही, तो स्वतःच विचारतो.

आता ज्या गणितासाठी हे सॉफ्टवेअर मला अमूल्य वाटतं ते. अंशात ई चा एक्स घात, छेदात १ अधिक एक्सचा वर्ग. दिसायला साधं. तिसरा डेरिव्हेटिव्ह मागितला की मॅक्सिमा सहा पदं पसरून ठेवतं, छेद पहिल्या घातापासून चौथ्या घातापर्यंत. रॅटसिम्प केलं की अंशात एक्सच्या सहाव्या घाताची बहुपदी येते (एक्सचा सहावा घात, वजा ६ गुणिले पाचवा, अधिक २१ गुणिले चौथा, वजा ३६ गुणिले घन, अधिक १५ गुणिले वर्ग, अधिक १८ एक्स, वजा ५) आणि तिला गुणून ई चा एक्स घात. छेद मात्र रॅटसिम्प विस्कटून टाकतं: एक्सचा आठवा घात, अधिक ४ गुणिले सहावा, असं सगळं उलगडून. तिथे रॅटसिम्पऐवजी 'फॅक्टर' वापरा, म्हणजे छेद १ अधिक एक्सच्या वर्गाचा चौथा घात असा नीट बांधलेला राहतो. हा बारकावा मला कुणी सांगितला नव्हता, म्हणून इथे लिहून ठेवते.

पण हे गणित अशा पद्धतीने करूच नये, आणि तेच मॅक्सिमाच्या मदतीने मुलांना छान पटवता येतं. भागाकाराला वाय म्हणा, अंशाला यू, छेदाला व्ही. वाय बरोबर यू भागिले व्ही, म्हणजेच व्ही गुणिले वाय बरोबर यू. आता भागाकार राहिलाच नाही. गुणाकाराच्या एनव्या डेरिव्हेटिव्हसाठी लायब्निट्झचं प्रमेय आहे, ते दोन्ही बाजूंना लावायचं. आपल्या गणितात व्ही म्हणजे १ अधिक एक्सचा वर्ग. त्याचा पहिला डेरिव्हेटिव्ह २ एक्स, दुसरा २, तिसरा शून्य. म्हणून कितवाही डेरिव्हेटिव्ह असो, डावीकडे तीनच पदं उरतात: व्ही गुणिले वायचा एनवा, अधिक २ एन एक्स गुणिले त्याच्या आधीचा, अधिक एन गुणिले एन वजा एक गुणिले त्याच्याही आधीचा. उजवीकडे ई चा एक्स घात, जो कितीही वेळा डेरिव्हेटिव्ह काढला तरी तसाच. एन ३ घेतला तर दोन्ही गुणक ६ येतात. हे तीन पदांचं समीकरण मॅक्सिमात टाइप करा, त्यातून ई चा एक्स घात वजा करा, रॅटसिम्प करा. पडद्यावर शून्य येतं. सहा पदांचा तो सगळा पसारा जाऊन फक्त एक शून्य. वर्गात ते पाहताना मुलांचे चेहरे बदलतात.

त्यात एक्सच्या जागी शून्य घातलं की गणित तोंडी होतं. मधलं पद निघून जातं, आणि एनवा डेरिव्हेटिव्ह काढायला १ मधून एन, एन वजा एक आणि दोन पायऱ्या आधीचा डेरिव्हेटिव्ह यांचा गुणाकार वजा केला की झालं. शून्यापाशी वाय १, पहिला डेरिव्हेटिव्ह १, दुसरा १ वजा २ म्हणजे वजा १, तिसरा १ वजा ६ म्हणजे वजा ५, चौथा १ अधिक १२ म्हणजे १३, पाचवा १ अधिक १०० म्हणजे १०१, सहावा १ वजा ३९० म्हणजे वजा ३८९. आता मॅक्सिमाला थेट सहावा डेरिव्हेटिव्ह मागा. पडदा भरून पदं येतात. त्यात 'सब्स्ट'ने एक्स बरोबर शून्य घाला. वजा ३८९. तुम्ही कागदाच्या चार ओळींत जे काढलं तेच. क्वोशंट रूल सहा वेळा लावून कुणी इथवर पोहोचत नाही. कष्ट करायला मुलं तयार असतात. कुठले कष्ट वाया जाणारे आहेत, ते त्यांना दाखवावं लागतं.

साइन भागिले कॉस, म्हणजेच टॅन, हेही असंच करून पाहा. शून्यापाशी विषम क्रमांकाचे डेरिव्हेटिव्ह १, २, १६, २७२ येतात, सम क्रमांकाचे सगळे शून्य. टॅनचा सेकंट वर्ग आणि मग त्याचा पुढचा, असं नेहमीच्या वाटेने गेलात तर सातव्यापर्यंत जाताना दमछाक होते. टॅन गुणिले कॉस बरोबर साइन असं लिहून लायब्निट्झ लावलं तर १६ साठी लागतं एवढंच: १ अधिक २० वजा ५.

आता त्रास देणाऱ्या गोष्टी. सगळ्यात मोठी म्हणजे ई. मॅक्सिमात ई च्या आधी टक्क्याचं चिन्ह लावावं लागतं. नाही लावलं तर ते एरर देत नाही. ई ला कुठलंही एक अक्षर समजून पुढे जातं आणि प्रत्येक डेरिव्हेटिव्हला एक 'लॉग ई' चिकटवत राहतं. तिसऱ्यापर्यंत लॉग ई चा घन दिसायला लागतो. माझ्याकडची एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली, "मॅडम, हे लॉग ई कुठून आलं? लॉग ई म्हणजे एकच ना? मग हे असंच का ठेवलंय?" प्रश्न अगदी बरोबर होता. "अगं, त्याच्यासाठी तो ई नाहीच, टक्का घाल आधी," म्हटलं. टक्का घातल्यावर सगळे लॉग ई गेले. एरर न देता वेगळंच उत्तर देणारी गोष्ट शिकणाऱ्यासाठी जास्त धोक्याची असते, म्हणून हा दोष मी मोठा मानते. पाय चंही तसंच, त्यालाही टक्का लागतो.

गुणाकाराचं चिन्ह प्रत्येक ठिकाणी द्यावं लागतं, २ एक्स असं जोडून लिहिलं की ते अडतं. हे निदान अडतं तरी. लॉग म्हणजे नेहमी नॅचरल लॉग. आपल्याकडच्या बारावीच्या मुलांना ते चालतं, केमिस्ट्रीवाल्यांनी जपून. आणखी एक: फंक्शनची व्याख्या करताना उजव्या बाजूला थेट डिफ लिहून मग त्यात शून्य घातलं तर ते आधी एक्सच्या जागी शून्य ठेवतं आणि मग शून्याच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह काढायला जातं, आणि तक्रार करतं की दुसऱ्या जागी चल हवा, शून्य सापडलं. तिथे 'डिफाइन' वापरायचं. एररची भाषा इंग्रजी आणि तुटक आहे. आमच्या भागातल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ती एकट्याने वाचून उमगत नाही, शेजारी कुणीतरी बसायला हवं. इथे मॅक्सिमा उणं पडतं, आणि ज्याला विचारायला कुणी नाही अशा मुलाला ते हातात देऊन मोकळं होऊ नका असं पालकांना सांगेन.

छेदच शून्य होत असेल तिथेही लक्ष द्यावं लागतं. अंशात एक्स, छेदात ई चा एक्स घात आणि त्यातून वजा १. शून्यापाशी अंशही शून्य, छेदही शून्य. इथे सब्स्ट केलं तर मॅक्सिमा हात वर करतं. त्याऐवजी 'टेलर' आज्ञा द्या: १, वजा एक्स भागिले २, अधिक एक्सचा वर्ग भागिले १२, वजा चौथा घात भागिले ७२०, अशी श्रेणी येते. प्रत्येक गुणकाला त्या त्या क्रमांकाच्या फॅक्टोरियलने गुणलं की डेरिव्हेटिव्ह मिळतात: १, वजा अर्धा, एक षष्ठांश, शून्य, वजा १ भागिले ३०. या बर्नुली संख्या. एडा लव्हलेस या इंग्रज गणितज्ञ बाईंनी १८४३ मध्ये चार्ल्स बॅबेज यांच्या गणकयंत्रासाठी जी प्रसिद्ध आकडेमोड मांडून दाखवली ती याच संख्यांची, आणि तिची सुरुवात याच भागाकारापासून होते. हे सांगितल्यावर वर्गातल्या मुली जरा सरसावून बसतात. मला ते फार आवडतं.

बारावीवाल्यांसाठी एकच जागा सांगते, कारण त्यांच्या पेपरात बहुतेक दुसऱ्या डेरिव्हेटिव्हपर्यंतच असतं. पॅरामेट्रिक गणितात, एक्स बरोबर ए टी वर्ग आणि वाय बरोबर २ ए टी असताना, पहिला डेरिव्हेटिव्ह १ भागिले टी येतो. दुसऱ्यासाठी अनेक जण त्याचा टी च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह काढून वजा १ भागिले टी वर्ग लिहून मोकळे होतात. अजून एकदा २ ए टी ने भागायचं राहतं, खरं उत्तर वजा १ भागिले २ ए टी घन. मॅक्सिमात हे दोन टप्प्यांत करायला लावलं की तो दुसरा भागाकार आपल्या हाताने टाइप करावा लागतो, आणि मग तो विसरत नाही.

फोनवर कॅमेरा धरला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲप्स आहेत, माझ्या मुलांकडेही आहेत. त्यातलं एक पायऱ्या पाहायला दरमहा पैसे मागतं, आणि पायऱ्या दाखवतं त्या क्वोशंट रूल पुन्हा पुन्हा लावण्याच्याच. मी ते वर्गात बंद केलंय. मॅक्सिमा पायऱ्या दाखवत नाही म्हणून काही पालक नाक मुरडतात. माझ्या मते ती त्याची जमेची बाजू आहे. पायऱ्या मुलानेच लिहायच्या, यंत्राने फक्त शून्य आलं की नाही ते सांगायचं.

यू आणि व्ही कुठलेही असले तरी चालणारं सामान्य सूत्र पाहायचं असेल तर 'डिपेंड्स'ने दोघंही एक्सवर अवलंबून आहेत असं आधी सांगा आणि यू भागिले व्ही चा दुसरा डेरिव्हेटिव्ह मागा. चार पदं येतात, त्यात दोन वजाची. ती एकदा वहीत उतरवून घ्या. तिसऱ्याचं सूत्र पाठ करायच्या भानगडीत पडू नका, वर सांगितलेली गुणाकाराची वाट धरा.

इन्स्टॉल केल्यावर पहिला सराव म्हणून ई चा एक्स घात भागिले १ अधिक एक्सचा वर्ग यातच पुढे जा. सातवा, आठवा, नववा, दहावा, शून्यापाशी, आधी कागदावर. टक्का विसरू नका. दहावा वजा १९,६०,६४९ यायला हवा.